आधी तुम्ही

“आधी तुम्ही घ्या,” बायकोने दम्याचा पंप पुढे केला. “मग मी घेते.”

पेंटरने कपाळावर हात मारला. तीन महिने सकाळ-संध्याकाळ हेच! अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी बाई, पण एवढ्याशा पंपाला भ्यायची. तिला धीर यावा म्हणून तो पंप तोंडाला लावायचा, दोनदा दाबायचा, श्वास रोखून दाखवायचा. मग ती पाठ फिरवून घ्यायची. कुणी बघितलं की म्हणे जमतच नाही.

दवाखान्यातही तीच तऱ्हा. फुंकायची नळी पुढे आली की ती मागे सरायची. “यांना आधी फुंकू द्या, डॉक्टर.” तो आपला मुकाट्याने फुंकायचा.

पंचेचाळिशीत हा दमा कुठून आला, हे पेंटरला कुणी सांगायला नको होतं. वीस वर्षं तो गॅरेजात गाड्यांना स्प्रे मारत होता. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी बजावलं, “घरात दमा असेल तर हे काम सोडाच.” त्याने बायकोची शपथ घेतली. सोडलं म्हणाला. हार्डवेअरच्या दुकानात लागलो म्हणाला.

सगळं धादांत खोटं! रोज गॅरेजातच जायचा. हातातली स्प्रे गन काही सुटेना. पिचकलेला पत्रा आरशासारखा चकचकीत करून दिला की त्याला जेवण गोड लागायचं. संध्याकाळी तिथेच साबणाने खसाखसा अंग घासून, शर्ट बदलून घरी यायचा. आणि घरी ही खोकून खोकून लाल! आपणच हिला मारतोय, या विचाराने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. स्वतःचा खोकला त्याच्या खिजगणतीतही नव्हता. दवाखान्याची पायरी तो फक्त तिच्यासाठी चढायचा.

आज फुंकून झाल्यावर डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली.

“पंप बदलला, डोस वाढवला, तरी आकडा जागचा हलत नाही. असंच चाललं तर जिवावर बेतेल.”

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डोळे पुसत ती बाहेर जाऊन बसली. लगेच तिच्या खोकल्याची उबळ आतपर्यंत ऐकू आली. पेंटरला राहवेना.

“डॉक्टर, पाप माझं आहे. मी काम सोडलेलंच नाही. कालसुद्धा गाडीच्या तीन दारांना स्प्रे मारला.”

“काय सांगता! तोंडाला काही बांधता तरी?”

“फडकं. कधीमधी.”

“आणि हे रोज?”

“रोज. तेवढं तिला वाचवा हो. उद्यापासून गनला हात लावला तर जोड्याने मारा मला.”

डॉक्टरांनी उठून दार उघडलं.

“बाई, आत या. आणि आता ते खोटं खोकणं पुरे. तुमच्या मिस्टरांना पंप का लागू पडत नव्हता, ते कळलं.”