तुटलेल्या नसेच्या पेशी

सरांनी प्रत्येक स्लाइडवरच्या नावावर काळी चिकटपट्टी लावली, पत्ते पिसावेत तशा त्या उलटसुलट केल्या आणि ट्रे तिच्यापुढे सरकवला.

"सांग आता कुठली कुठली ते. चुकलीस तर हा विषय बंद. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली आणि तिनेच उठून खोलीतला दिवा मालवला.

भांडण जुनंच होतं. उंदराच्या मूत्राशयाकडे जाणारी नस कापली, की त्या नसेच्या मणक्याजवळच्या पेशी हळूहळू मरतात, असं सरांचं मत. तिला मात्र वेगळंच दिसलं होतं. धड नसेच्या पेशींत जे एन्झाइम जेमतेम सापडतं, ते कापलेल्या नसेच्या पेशी भरभरून बनवत होत्या. एन्झाइम असेल ती पेशी हिरवी चमकावी असा रंग तिने वापरला होता. "मेलेल्या पेशींना कुठलाही रंग चिकटतो," सर म्हणाले. तिने पुन्हा केलं. रंग बदलून केलं. तरी तेच. सरांनी तरीही नाक मुरडलं, तेव्हा तीच म्हणाली होती, "कुठली स्लाइड कुठली ते मला न सांगता विचारा."

दाराशी चाकं वाजली. तिचा थोरला भाऊ तिला न्यायला आला होता.

"या, बसा," अंधारातून सर म्हणाले.

"बसूनच आलोय, सर," दादा म्हणाला आणि त्याने चाकांची खुर्ची भिंतीला लावली.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. "कापलेली." स्लाइड बदलली. "धड." पुन्हा बदलली. "धड. ही कापलेली." सर एकेक स्लाइड बाजूला ठेवत गेले.

मध्येच दादाचा फोन किणकिणला. "आलो. मूत्राशयाचा निरोप आहे," तो म्हणाला आणि मांडीवरची पिशवी सावरत बाहेर गेला. पाठीच्या कण्याला मार लागल्यापासून मूत्राशय भरल्याचं त्याला कळतच नसे. फोनने आठवण केली की नळी घालून लघवी काढायला जायचं, एवढंच.

शेवटच्या स्लाइडपाशी ती अडली. भिंग फिरवलं, मागे घेतलं, परत फिरवलं.

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"कापलेली म्हणावी तर पेशी पुरेशा हिरव्या नाहीत. धड म्हणावी तर जास्तच आहेत."

"दोनातलं एक सांग. तुझा सगळा विषय अडकलाय यावर."

तिने ओठ आवळले. सहज काहीतरी ठोकून देता आलं असतं, कदाचित बरोबरही आलं असतं.

"जे दिसत नाही ते मी सांगणार नाही, सर. बंद करायचा असेल तर करा विषय."

टेबलावरचा छोटा दिवा लावून सरांनी चिकटपट्ट्या काढायला सुरुवात केली. एक बरोबर. दुसरी बरोबर. सगळ्या बरोबर. शेवटची पट्टी काढून त्यांनी स्लाइड तिच्यापुढे धरली. स्लाइडवरचं अक्षर तिचं नव्हतंच.

"हा उंदीर माझा," सर म्हणाले. "त्याची नस मी कापली नव्हती, चिमट्याने चेचली होती. स्लाइड करेपर्यंत ती भरून आली होती. मूत्राशयही चालायला लागलं होतं त्याचं. मला वाटलं होतं, तू रेटून काहीतरी एक सांगशील आणि मी तुला पकडेन."

ती स्लाइडकडे बघत राहिली. "म्हणजे नस जुळायला लागली की पेशी पुन्हा पहिल्यासारख्या होतायत."

"तसं दिसतंय."

"मेलेल्या पेशी असं करत नाहीत, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही करत. चेचलेल्या नसांचं काम हातात घे. उद्यापासूनच."

"आजपासून," ती म्हणाली.

"आज घरी जायचंय," दारातून दादा म्हणाला. तो केव्हाच परतला होता. "पण आधी मला दाखव."

तिने कापलेल्या नसेची स्लाइड लावली, दिवा मालवला. टेबल उंच होतं. दादाने खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे रोवले आणि स्वतःला वर उचलून भिंगाला डोळा लावला.

"ही तुटलेली?"

"हो. पण उंदराची आहे, दादा."

"माहितीये गं. मी शेपूट शोधत नाहीये." तो बघत राहिला. "हिला कळलंय काय झालंय ते?"

"कळलंय. म्हणून तर बदललीये. कशासाठी, ते अजून आम्हाला माहीत नाही."

"मला तर डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिकडे आता सगळं सामसूम."

त्याचे दंड थरथरायला लागले होते. ती पुढे झाली. "दादा, बस आता. दुखेल."

"थांब," तो म्हणाला. कोपर सरळ करून त्याने स्वतःला आणखी थोडं वर उचललं. "बघू दे."