पडद्यापलीकडचा खोकला

जावा बेटावरच्या गावात दुपारी आडोशाला दिवा लावून मांडलेला सावल्यांचा खेळ संपत आला. सुकार्जोने कातड्यातून कोरलेलं झाड उचललं. ते पडद्याच्या मधोमध सरळ रोवलं, की माणसं घरी जायला मोकळी.

पडद्यापलीकडे चाळीस वर्षं त्याची बायको लास्मी बसायची. झाड कललं, की खोकायची. घरी आल्यावर म्हणायची, “तुमचा हात डावीकडेच जातो.” ती गेल्यावरचा हा पहिला खेळ होता.

त्याने झाड नीट रोवलं. पलीकडे कुणी खोकलं नाही. मग त्याने ते मुद्दाम डावीकडे कलवलं आणि कान देऊन बसला.

वादकांतून मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, झाड वाकडं आहे.”

“ठाऊक आहे गं,” तो म्हणाला. “जरा थांब.”