गच्चीवरची निळी चादर

"पाव घ्यायचेत, की नुसता वास घ्यायला उभ्या आहात?" भट्टीवाल्याने विचारलं.

लेखिका ओशाळली. "मी भिंतीपलीकडून आलेय. तुमच्या बायकोला भेटायचंय."

भट्टीवाल्याचा हात पिठातच थांबला. पलीकडून माणूस येणं म्हणजे काय चेष्टा होती होय! शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली तेव्हापासून फोन बंद, पत्रं बंद. लेखिकेनेसुद्धा कचेरीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे एका दिवसाचा परवाना हातात पडला. दोन्हीकडच्या रोजच्या जगण्यावर ती पुस्तक लिहीत होती. खरं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा तिचा बाणा. हिला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही, असं मैत्रिणी चिडवायच्या.

"तुम्ही तिला कशा ओळखता?"

"तिच्या आईच्या घरात मी भाडेकरू आहे. तुमची निळी चादर आमच्या खिडकीतून दिसते."

फोन तोडायच्या आदल्या दिवशी मायलेकींनी ठरवून घेतलेली ती खूण होती. रोज सकाळी लेकीने गच्चीवर निळी चादर वाळत घालायची, आईने खिडकीत लाल गोधडी टाकायची. म्हणजे दोघी बऱ्या आहेत. इतकंच काय ते बोलणं, पण त्यात एक दिवस खंड पडला नव्हता.

भट्टीवाल्याने हात झटकले. "वर या."

गच्चीवर भन्नाट वारा होता. लेखिकेने पिशवी छातीशी धरली. आत लेकीसाठी आणलेलं पुडकं होतं. लेकीला काय सांगायचं, ते वाक्य तिने वाटभर घोकलं होतं. एवढ्यात चादरीच्या कडेला उमटलेली पिठाची जाडजूड बोटं तिला दिसली.

"चादर तुम्ही घालता?"

तो कठड्याला टेकला. "ती गेली, ताई. गेल्या थंडीत. छातीत कफ काय झाला, आणि बघता बघता... दुसऱ्या दिवशी इथेच ढसाढसा रडत बसलो होतो. समोर बघतो तर म्हातारीची गोधडी! आता तिला हे कोणत्या तोंडाने कळवू? टाकली चादर. तेव्हापासून रोज टाकतो."

लेखिकेने पिशवी पाठीमागे घेतली; घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. तिने आपण पुस्तक लिहितोय, एवढं कसंबसं सांगितलं.

"लिहा की! माझ्या भट्टीचं लिहा, पाव करपतात तेही लिहा. पण ती गेली, हे नका लिहू. म्हातारी हाय खाईल."

"नाही लिहिणार, दादा."

"माझाही स्वार्थ आहे हो. मूलबाळ नाही. सकाळी गोधडी दिसली की वाटतं, आपलं म्हणायला अजून एक माणूस आहे. नाहीतर भट्टी पेटवायची तरी कुणासाठी?" त्याने डोळे पुसले, तसं पीठ गालभर झालं. "अजून मला नावं ठेवते का?"

"आमचा जावई पाव भाजतो की विटा, असं म्हणायच्या."

तो खो खो हसला, आणि हसता हसता परत रडला. "तब्येत बरी आहे ना पण?"

"गोधडी रोज दिसते ना? मग!" लेखिका म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं मात्र नाही.

निघताना त्याने सासूसाठी गरम पाव बांधून दिले. "आता मऊ होतात म्हणावं."

संध्याकाळी घरी आल्यावर लेखिकेने एक पाव मोडून खाल्ला. खरंच मऊ होता. दुसरा तिच्याने खाववला नाही.

सकाळी उठून तिने आधी पलीकडे पाहिलं. चादर आली होती. तिने पुडकं सोडलं आणि त्यातला म्हातारीचा चष्मा आणि बांगड्या पुन्हा कपाटात ठेवल्या. मग म्हातारी गेल्यापासून रोज टाकायची, तशी लाल गोधडी खिडकीत टाकली.