सुटलेला क्रमांक

प्रयोगशाळेतल्या संगणकांवरची खाती मी सांभाळते. संगणक माणसाला नावाने नाही, क्रमांकाने ओळखतो. खातं पुसलं तरी त्या माणसाच्या फायली त्याच्या क्रमांकावर राहतात. म्हणून सुटलेला क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नसतो.

सोमवारी माझी धाकटी बहीण इथे नोकरीला लागली. घाईघाईत मी तिला १०१७ देऊन बसले. तो अप्पांचा होता. आमचे सगळ्यात जुने सहकारी, मला कायम ‘पोरी’ म्हणणारे. गेल्या महिन्यात याच खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

“ताई, खातं नवं आणि आत चारशे फायली? आंदण दिलंस की काय?” बहीण हसली.

“निस्तरते गं उद्या.”

मंगळवारी तिच्या टेबलाकडून आवाज आला. टक, टक. एंटर दाबण्याआधी अप्पा बोटातली अंगठी टेबलावर दोनदा आपटायचे. बहीण अंगठी घालत नाही.

“मी? मी कुठे काय वाजवलं?” ती म्हणाली.

बुधवारी सकाळपासून तिने मला एकदाही ताई म्हटलं नाही. टक, टक मात्र थांबत नव्हती.

मी तिचं खातं पुसायला घेतलं. पडद्यावर ओळ उमटली: पुसता येत नाही, १०१७ काम करत आहे.

“जरा खात्यातून बाहेर ये ना,” मी म्हटलं. “तुझा क्रमांक बदलायचाय.”

तिने मान वळवली नाही.

“बाहेर?” आवाज तिचाच होता. “आत्ता कुठे बसायला जागा मिळालीय, पोरी.”