हॉलिसच्या तुकडीतला तिसरा माणूस

“जय भीम, आजोबा,” असे म्हणून उपासनाने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि त्यात तारीख, वेळ व ठिकाण नोंदवले : शनिवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे, चँडलर, ॲरिझोना.

“तू मास्तरीण की पोलीस?” शंकररावांनी विचारले. त्यांना शंभरावे वर्ष लागले होते.

“संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आहे.”

“म्हणजे दोन्ही.”

त्यांचा नातू धम्मदीप हसला, पण त्याचे लक्ष उपासनाच्या हातातल्या कागदाकडे होते. तो चिप-डिझाइनमध्ये काम करी आणि चाचणी म्हणजे काय, हे त्याला माहीत होते.

प्रकरण साधे होते. १९४४ साली ब्रह्मदेशातल्या जंगलात लेफ्टनंट हॉलिस या अमेरिकन अधिकाऱ्याने अकरा हिंदी सैनिकांसह एका जपानी छावणीवर पहाटे छापा घातला. हॉलिस मारला गेला. तिघे परतले. अहवालात त्यांपैकी दोघांची नावे होती. तिसरे पाण्याने पुसले गेले होते. हॉलिसच्या गावी, चँडलरपासून दोन तासांवर, आता स्मारक उभे राहत होते. दगडावर एक ओळ रिकामी होती आणि सोमवारी कोरीवकाम संपणार होते.

वर्तमानपत्रातला त्या छावणीजवळच्या नदीचा फोटो पाहून शंकरराव म्हणाले होते, “या वळणावर मी होतो.” त्या एका वाक्यावर धम्मदीपने अर्ज केला. स्मारक समितीने पडताळणीसाठी उपासनाला नेमले. वृद्ध साक्षीदारांच्या स्मृतीवर तिचा बऱ्यापैकी अविश्वास होता, आणि तोच तिच्या प्रबंधाचा विषय होता.

“सिंगापूर पडलं तेव्हा आजोबा तिथेच होते,” धम्मदीप हळूच म्हणाला. “तिथून ब्रह्मदेशात कसे आले ते विचारू नका. त्या दोन वर्षांबद्दल ते बोलतच नाहीत. बाकी काहीही विचारा.”

अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नव्हता. त्यातून उपासनाने बारा प्रश्न काढले होते.

“नदी कुठे ओलांडली?”

“सागाचा ओंडका आडवा पडला होता, तिथे.”

बरोबर.

“किती जणांनी?”

“बारा. शेवटचा लंगडत होता.”

बरोबर. अहवालात त्याच्या पायातल्या काट्याचाही उल्लेख होता.

“पहाटे एवढं दिसलं?”

“धुकं गुडघ्यापर्यंतच होतं.”

हॉलिस डावखुरा होता. त्याने घड्याळ टोपीत ठेवले होते. पहिला स्फोट दारूगोळ्याच्या कोठारामागे झाला. शंकरराव न अडखळता, न सजवता सांगत गेले. बाराव्या प्रश्नापर्यंत एकही चूक झाली नाही. योगायोगाने असे घडण्याची शक्यता उपासनाने मनातल्या मनात काढली. ती नगण्य होती.

“याचं पुढे काय करणार?” शंकररावांनी अचानक विचारले.

“सांगितलं ना, आजोबा. तुमचं नाव दगडावर कोरणार. लेफ्टनंटच्या शेजारी.” धम्मदीपचा आवाज किंचित चढला. “आपल्या माणसांची नावं कुठल्या दगडावर असतात हो? इथे असेल. माझी मुलं बघतील.”

“त्याच्या घरच्यांना विचारलंत?”

“त्याच्या पुतणीचीच आयडिया आहे. ती म्हणते, शेवटच्या क्षणी काकांच्या जवळ कोणी होतं एवढं कळलं, तरी बरं वाटेल.”

“मी होतो,” शंकरराव म्हणाले. “पाच पावलांवर.”

धम्मदीपने चष्मा काढून पुसला.

उपासनाने कागद उलटला. मागे तेरावा प्रश्न होता. तो अहवालातून घेतलेला नव्हता. त्याचे उत्तर नंतर जप्त झालेल्या जपानी नोंदवहीत होते. छाप्यात सामील झालेल्या माणसाला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. ‘माहीत नाही’ म्हणणारा साक्षीदार प्रामाणिक, आणि काहीतरी ठोकून देणारा बढाईखोर, एवढाच त्या प्रश्नाचा उपयोग. तिने आजवर नऊ जणांना असा प्रश्न विचारला होता. चौघांनी ठोकून दिले होते.

“शेवटचं, आजोबा. त्या पहाटे छावणीच्या पहारेकऱ्यानं हटकलं, तर उलट कोणता शब्द सांगायचा होता?”

“मात्सु,” शंकरराव म्हणाले.

उपासनाने कागदाकडे पाहिले. मग पुन्हा एकदा पाहिले.

“बरोबर आहे ना?” धम्मदीपने विचारले. “तेरापैकी तेरा?”

ती शंकररावांकडे वळली. “आजोबा, हा शब्द तुम्हाला कसा माहीत?”

“मी ‘होतारु’ म्हणायचं आणि समोरच्यानं ‘मात्सु’,” शंकरराव म्हणाले. “मी दोनदा हटकलं. लेफ्टनंट काहीच बोलला नाही.”