जागेचा पत्ता

शेतकऱ्यानं घरबसल्या मोबाइलवर बटन दाबलं की विहिरीवरची मोटर चालू व्हावी, असं अ‍ॅप अमरावतीच्या रागिणीनं बनवलं होतं. मोटर झटकन सापडावी म्हणून तिनं मोबाइलमध्ये मोटरचा नंबर घातलाच नाही. मोटरची नोंद डेटाबेसच्या कितव्या पानावर, कितव्या जागी आहे, तेवढा पत्ता घातला. आज दुपारी तिनं जुन्या, बिनकामाच्या नोंदी काढून टाकल्या. मागच्या नोंदी सरकून रिकाम्या जागांवर बसल्या, मोबाइलमधले पत्ते मात्र जुनेच राहिले.

चारच्या सुमारास भातकुलीहून आईचा फोन आला.

"जेवली का व? तुह्ये बाबा मोटरच्या वायरी जोडाले विहिरीत उतरले. मोबाइलवर मोटर बंद दिसली, तवाच गेले. मोबाइल घरीच ठेवला."

बाबांना बंद दिसलेली मोटर भलत्याच कोणाची असणार, हे रागिणीच्या लक्षात आलं. बाबांच्या मोटरची नोंद सरकून ज्या जागी बसली, त्या जागेचा पत्ता कोणाच्या मोबाइलमध्ये आहे, ते तिनं शोधलं. धारणीचा कोणी ओमप्रकाश निघाला. तिनं त्याला फोन लावला.



"बरं झालं मॅडम, तुमीच फोन केला. माही मोटर दुपारपासून बंद दाखवून राहिली होती. आत्ताच बटन दाबलं, झाली चालू."