शोधनिबंधातलं नाव

अकरा वर्षं मूळपेशींची बाळंतपणं मी काढली. बशीतल्या पेशी हृदयासारख्या धडधडू लागल्या, तेव्हा सर पहिल्यांदा प्रयोगशाळेत उगवले, फोटो काढून घ्यायला! ना मास्क, ना हातमोजे. उघड्या बशीवर सणसणीत शिंकले आणि वर मलाच म्हणाले, "शोधनिबंधावर पहिलं नाव माझं. तुमचं बघू, जागा उरली तर."

आज जनुकीय तपासणीचा अहवाल आला. पेशींच्या नमुन्यात तीन टक्के परका डीएनए होता. सगळ्या स्टाफच्या नोंदींशी ताडून पाहिला, तर तो चक्क सरांचा निघाला!

"अगं बाई, साहेबांनी एकदाचा हातभार लावला!" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खिदळली.

सरांचं नाव मी शोधनिबंधात घातलंय. ठळक अक्षरांत.



'नमुन्यातली भेसळ' या मथळ्याखाली.